मावशींच्या कपिलेचं दूध

ज्याच्या गोठ्यातलं दूध तपासायचं, त्याच्या ओट्यावर बसून आधी चहा प्यायलाच पाहिजे, असं मानणारा शास्त्रज्ञ आमच्या नगर जिल्ह्यात एकच झाला, आणि तो नेमका बी.एस्सी.ला माझा प्रोजेक्टचा जोडीदार होता. मी सावेडीच्या फ्लॅटमध्ये वाढलेली. दूध पिशवीतूनच येतं यावर माझी श्रद्धा. तो मिरजगावचा. कडबा संपून गायींना हिरवा चारा सुरू झाला की दुधातलं फॅट किती बदलतं, हा आमचा विषय. माझ्या स्कूटरवर मागे बसून तो वाटेतल्या प्रत्येक म्हशीच्या तब्येतीवर मत द्यायचा. बाटल्यांवर मी नंबर घालायचे, तर तो खाली लिहायचा, ‘मावशींची कपिला, जरा रागीट’. फॅट मोजायचं मशीन सुरू करताना त्याला नमस्कार करायचा. सरांनी कपाळाला हात लावून नाद सोडला होता.

एकदा या मावशी, म्हणजे कपिलेच्या मालकीणबाई, बाजाराला आल्या, तशा आमची लॅबही बघायला आल्या. कँटीन बंद होतं. बिनचहाचा पाहुणा परत गेल्याचं याच्या सात पिढ्यांत घडलं नव्हतं. मी ऑफिसातून परत येईपर्यंत त्याने कपिलेचं चारा बदलण्याच्या आठवड्यातलं, अजून न तपासलेलं दूध बर्नरवर उकळून मावशींना चहा पाजलाही होता. मावशी खूश होत्या.

प्रोजेक्टच्या स्पर्धेत पहिल्या येणाऱ्या जोडीला पुण्यातल्या एका मोठ्या लॅबमध्ये उन्हाळाभर काम मिळणार होतं. त्या लॅबचा फोटो याच्या मोबाईलवर देवाच्या जागी असायचा. आणि चारा बदलण्याचा तो आठवडा तर सरला होता. तसं दूध पुन्हा मिळणार नव्हतं. वर्गातल्या शहाण्यांनी सल्ला दिला, मागचा-पुढचा आकडा बघा आणि मधला अंदाजाने भरून टाका, कोण विचारतंय. तो दिवसभर तोंड पाडून बसला. मग म्हणाला, “न बघता आकडा लिवला, तर मावशीच्या वट्यावर परत कुठल्या तोंडानं बसू?” आणि तक्त्यात त्या रकान्यात त्याने लिहिलं, ‘नमुना पाहुण्यांच्या चहात गेला’.

परीक्षक पोट धरधरून हसले. बक्षीस दुसऱ्यांना मिळालं. परतीच्या एस.टी.त त्याने आधी दोघांची तिकिटं काढली. मग म्हणाला, “चहा लई भारी झाल्ता पन.”

पुढे त्या लॅबमध्ये मी पोचले, तो नाही. तो मिरजगावात दूध संकलन केंद्र चालवतो आणि खुशीत असतो, निदान फोनवर तरी. इथे माझ्या प्रत्येक पेपरवर डझनभर जोडीदारांची नावं असतात. सगळे हुशार, सगळ्यांचे तक्ते भरलेले. कुणाचाही आकडा आला की मी तो दोनदा तपासते. त्याचा आकडा मी कधीच तपासला नव्हता, आणि तसा जोडीदार मला पुन्हा मिळाला नाही.