दादाचा कोरा हात

अर्ध्या बोरिवलीला टॅटू काढून देणाऱ्या माझ्या दादाच्या स्वतःच्या अंगावर एकही टॅटू का नव्हता?

हा प्रश्न मी त्याला किती वेळा विचारला असेल! गिऱ्हाइकंही विचारायची. खुर्चीत बसलं की आधी भिंतीवरची डिझाइन बघायची आणि मग दादाचे हात बघायची. दोन्ही कोरे! "काय यार, स्वतःवर भरोसा नाही का?" दादा एकाला म्हणायचा, "हलवाई स्वतःची जिलेबी खातो का?" दुसऱ्याला म्हणायचा, "जागा भाड्याने द्यायचीय, म्हणून रिकामी ठेवलीय." तिसऱ्याला म्हणायचा, "लग्न झालं की बायकोला विचारून काढीन." खरं उत्तर कुणालाच मिळालं नाही. मलाही नाही. आता मिळणारही नाही, कारण दादाच नाही.

आमचं दुकान स्टेशनजवळ, फरसाणवाल्याच्या वर. किस्से म्हणाल तर पोत्याने. न्हाव्याकडे माणूस डोकं देऊन बसतो, आमच्याकडे कातडी देऊन बसतो. सुई लागायला लागली की आपोआप तोंड सुटतं. मी आठवीनंतर शाळेत गेलो नाही. जे काही ऐकलं-शिकलं ते त्या खुर्चीशेजारच्या स्टुलावर. ते स्टूल अजून तिथेच आहे. मी आता खुर्चीच्या दुसऱ्या बाजूला, दादाच्या जागी बसतो आणि स्टूल रिकामं असतं.

*

दादा पिक्चर बघायचा नाही. पण कुठला पिक्चर चालणार हे त्याला सगळ्यांच्या आधी कळायचं.

"थिएटरात कशाला जायचं? शुक्रवारी पिक्चर लागतो, सोमवारी पोरं इथे येतात. हिरोची दाढी मागितली तर पिक्चर हिट. व्हिलनचा डोळा मागितला तर सुपरहिट!"

मी विचारलं, "आणि कुणी काहीच मागितलं नाही तर?"

"तर हिरोच्या बापाने पैसे लावलेत."

एकदा वेबसिरीजमधल्या मुखवट्याची साथ आली होती. साथच म्हणायची, कारण कॉलेजची पोरं गटागटाने यायची. दादा काढता काढता कंटाळला. शेवटी एकाला म्हणाला, "अरे, मुखवटा चेहरा लपवायला असतो. तू तो दंडावर काढून कोणाला लपवतोयस?"

पोरगा म्हणाला, "दंड लपवतोय. जिम लावलंय, पण येतच नाहीये काही!"

*

दादा शिकत होता तेव्हा त्याला प्रॅक्टिसला कातडी हवी होती. फुकट कातडी घरात एकच होती. माझी.

माझा डावा पाय घोट्यापासून वर वाचत आलात तर कळतं, कुठल्या वर्षी पब्लिक कशाच्या मागे होतं. घोट्याजवळ आडवा आठ, जो तेव्हा प्रत्येक प्रेमात पडलेल्याला हवा होता. त्याच्या वर पिसातून उडणारे पक्षी, त्यांतले दोन कावळ्यासारखे. मग हार्टबीटची रेघ. मग त्रिशूळ. मग एका कार्टूनमधला पोरगा, त्याचा एक डोळा मोठा झालाय कारण मला मध्येच शिंक आली. गुडघ्याखाली तो मुखवटा.

आई मालवणची. तिने पहिल्यांदा नीट बघितलं तेव्हा कपाळाला हात लावला. "मेल्या, पाय हा की स्टेशनची भिंत?"

दादा म्हणाला, "आई, अजून उजवा बाकी आहे."

मी म्हणायचो, "तू माझ्यावर शिकलास. आता मी तुझ्यावर शिकतो. हात दे." मला दुसरं काही नको होतं. गिऱ्हाइकाची कातडी नको, दादाचीच हवी होती.

दादाचं उत्तर ठरलेलं. "आधी संत्री संपव."

आमच्यात नवीन माणूस संत्र्यावर हात बसवतो. साल कातडीसारखी असते, जरा जोर झाला की रस येतो. मी डझनाने संत्री गोंदली. एका एकादशीला आईने फ्रीज उघडला, तर आत गरुड, वाघ आणि "रॉयल कारभार" लिहिलेलं एक संत्रं.

आई ते संत्रं हातात घेऊन बाहेर आली. "उपासाक ह्या चलता काय रे?"

दादा म्हणाला, "वाघ नको खाऊस. गरुड चालेल, तो देवाचा."

*

एक पोरगा आला, दंडावर मोठ्या अक्षरात 'प्रिया'. ब्रेकअप झालं होतं. त्याला नाव झाकून सिंह हवा होता. सिंहाचा सीझन होता तेव्हा. ज्याचं त्याचं ब्रेकअप सिंहाखाली जायचं.

दादाने झकास सिंह काढला. आयाळ अशी की वाऱ्यावर उडतेय. पोरगा खूश होऊन गेला.

सहा-आठ महिन्यांनी परत आला तो तोंड पाडून. "नितीनदादा, वाट लागली. पॅच-अप झालं. ती म्हणते, माझं नाव का झाकलंस?"

दादा म्हणाला, "तिला आण."

ती आली. घाटकोपरची पोरगी, रागाने लाल. दादाने पोराचा दंड तिच्यासमोर धरला. "आयाळीत बघ. डाव्या कानाच्या मागून सुरू कर."

ती बघत राहिली. केसांच्या रेघांत, एकात एक अडकवून, अख्खं 'प्रिया' होतं. माहीत असलं तरच दिसायचं.

ते दोघं गेल्यावर मी म्हणालो, "तुला काय माहीत, ती परत येणार म्हणून?"

"माहीत नव्हतं. पण झाकायचं म्हणजे पुसायचं नाही ना रे."

*

बँकेतून रिटायर झालेले एक काका आले. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. मला वाटलं पत्ता विचारतायत. म्हणाले, "नातीने रीलमध्ये दाखवलं. आवाजाचा टॅटू काढता म्हणे?"

तेव्हा ते नवीन होतं. कुणाच्या आवाजाची रेकॉर्डिंग असली की तिच्या वर-खाली होणाऱ्या रेघा निघतात, त्याच हातावर काढायच्या. पोरं त्यात गाणी घेऊन यायची, डायलॉग घेऊन यायची.

काकांनी मोबाइल पुढे केला. बायकोची व्हॉइस नोट. त्या वारल्या होत्या. आम्हाला वाटलं, काहीतरी मोठं बोलल्या असतील.

दादाने प्ले केलं. "येताना कोथिंबीर आणा. कालच्यासारखी पिवळी नको. विसरू नका."

मी हसलो. दादाने माझ्या पायावर पाय दिला.

काकांनी पूर्ण वेळ हात हलवला नाही. झाल्यावर मनगट उजेडात धरून बघत बसले. "ही सगळ्यात उंच रेघ कुठल्या शब्दाची?"

दादाने परत प्ले केलं, रेघांवर बोट फिरवत नेलं आणि थांबला.

"'विसरू नका'ची, काका."

काका जाताना जिन्यात खाली वळून म्हणाले, "आणली होती हो त्या दिवशी. हिरवीगार."

*

दादा गेल्यावर मी बरेच दिवस दुकान उघडलं नाही. उघडलं त्या दिवशी पहिलाच पोरगा आला आणि मोबाइल दाखवत म्हणाला, "भाई, हे आता एकदम ट्रेंडिंग आहे, असंच पाहिजे." माझं डोकं फिरलं. म्हटलं, "चल निघ! रोज नवीन काय पाहिजे तुम्हाला?" तो घाबरून जिना उतरला. मग मीच फरसाणच्या दुकानापर्यंत त्याच्या मागे पळालो. म्हटलं, "ये यार, वर ये. काढून देतो."

त्याने वर येऊन इकडेतिकडे बघितलं. "इथे एक दादा बसायचे ना? हातावर काही नसलेले?"

मी म्हटलं, "आहे. हातावर आहे त्याच्या."

ते कसं, ते सांगतो. पण त्याआधी गोराईची आजी.

*

ही आजी फेरीने खाडी ओलांडून नातीबरोबर आली होती. कोळ्यांची, कमरेला लुगडं घट्ट, आवाज बाजारातला. नातीला 'मिनिमल' हवं होतं. सगळ्या पोरींना तेव्हा तेच हवं होतं, ठिपके आणि बारीक रेघ. तिने मोबाइलवर फोटो दाखवला, परदेशातल्या कुठल्या तरी मॉडेलच्या हातावर एका ओळीत पाच ठिपके.

आजीने फोटो बघितला आणि आपला हात पुढे केला. मनगटावर एका ओळीत पाच ठिपके, हिरवे पडलेले. "अगं, हे तर माझंच हाय! तिला कोणी दिलं?"

दादा हसून हसून खुर्चीला टेकला. मग त्याने मोबाइल बाजूला ठेवला आणि आजीचा हात बघूनच नातीचे ठिपके काढले.

आजी म्हणाली, "आमच्या वक्ताला सुईवाली दारात यायची. आय म्हणायची, सोनं-नाणं सगळं हितंच र्‍हातं, गोंदलेलं तेवढं संगती येतं." मग तिचं लक्ष दादाच्या हातांकडे गेलं. "तुझ्या हातावर काय नाय रं पोरा? वर जाताना काय नेशील?"

"रिकामाच जाईन, आजी. लगेज नाही, कटकट नाही."

आजी हसली नाही. म्हणाली, "असं बोलू नाय."

*

त्यानंतरच्याच एका शनिवारी संध्याकाळी दुकानात कोणी नव्हतं. दादा उठला, खुर्चीत जाऊन बसला आणि डावा हात पुढे ठेवला.

"संत्री संपली ना तुझी?"

"काय काढू?"

"तुला येतं ते."

मला वाघ येत होता, गरुड येत होता. पण ते संत्र्यावर. म्हटलं, आजीचे पाच ठिपके बरे. चार सरळ आले. पाचवा ओळ सोडून खाली गेला.

"दादा, एक पळाला."

दादाने हात वळवून बघितलं. "पाचात एक वाया जातोच. आपल्या घरात तू नाहीस का?"

मी त्यावर प्लास्टिकची फिल्म गुंडाळली. नवीन टॅटूला लावतोच आम्ही, रंग बसेपर्यंत. मग गिऱ्हाइकाला सांगतो तसं सगळं त्याला सांगितलं. "पाणी लागू द्यायचं नाही. ऊन नको. खाजवायचं नाही. पाणी लागलं तर रंग बसणार नाही, मग आमच्याकडे ओरडत यायचं नाही."

"बरं, साहेब."

"आता तरी सांग ना. इतकी वर्षं का नाही काढलास?"

"भूक लागलीय. खालून पापडी आण."

मी पापडी आणली.

रविवारी सकाळी दादा मित्रांबरोबर टर्फवर क्रिकेट खेळायला गेला. हातावर ऊन नको म्हणून फुल शर्ट घातला होता. बॉल टाकायला धावला आणि मध्येच खाली बसला. सगळ्यांना वाटलं पाय मुरगळला. डॉक्टर म्हणाले, हार्ट.

संध्याकाळी त्याला घरी आणलं. हॉस्पिटलात ती फिल्म कोणीतरी काढून टाकली होती. आईला ठिपके तेव्हाच दिसले. तिने पाचव्यावर बोट ठेवलं आणि माझ्याकडे बघितलं.

आमच्या मोठ्या काकांनी आंघोळीसाठी पाण्याची बादली आणली. तांब्या भरला. मी म्हणालो, "थांबा!"

जिना उतरलो आणि चप्पल न घालता दुकानापर्यंत पळालो. परत आलो तेव्हा बिल्डिंगची माणसं दारापर्यंत उभी होती. कुणीतरी म्हणालं, "अरे, उशीर होतोय." काका म्हणाले, "पप्या, काय करतोयस बाळा?"

मी दादाचा डावा हात मांडीवर घेतला. ठिपके हलकेच पुसले. मलम लावलं. रोल सोडवून फिल्म मनगटाभोवती गुंडाळली, कडा दाबून बघितल्या, परत एक वेढा घेतला.

मग हात खाली ठेवला आणि काकांना म्हणालो, "घाला आता पाणी."