श्वास, पाणी आणि नेकनूरची जीप

आमच्या घरात एक नियम आहे. गाडीत बसायचं असेल तर बायकांनी सकाळपासून पाण्याला शिवायचं नाही. का, ते विचारायचं नाही. मी विचारलं, वर स्वतःचं डोकंही चालवलं. त्यातून जी फजिती झाली ती आता ऐकाच.

चुलतभावासाठी मुलगी बघायला पाटोद्याहून नेकनूरला निघालो होतो. जीप चालवत होते आप्पा, माझे थोरले चुलते. शेजारी त्यांचे मेहुणे, तात्या. मागे काकू आणि मी. ऊन असं, की टपावर भाकरी भाजावी. काकूंचे ओठ सुकलेले, पण बाटलीकडे बघायला तयार नाहीत.

माझ्या पिशवीत कॉलेजातून आणलेलं चिनी वैद्यकाचं पुस्तक होतं. फार गमतीचं प्रकरण. फुफ्फुसं म्हणे नुसती हवा घेत नाहीत, अंगातल्या पाण्याचा कारभारही बघतात. श्वासासरशी पाण्याचं धुकं होतं आणि कातडीपर्यंत पसरतं.

"काकू, प्या. फक्त लांब श्वास घेत राहा. पाणी वाफ होऊन जातं, उतरायची गरजच नाही."

"खरं का गं?"

"चिनी लोक हजारो वर्षं सांगतायत."

"मंग त्यांच्या बायका लई सुखी असतेल," म्हणत काकूंनी अर्धी बाटली संपवली. उरलेली मी. मग दोघी भात्यासारख्या सुरू झालो.

आप्पांनी आरशातून पाहिलं. "दमा लागला का काय?"

मांजरसुंब्याच्या अलीकडे काकूंनी माझा दंड घट्ट धरला. "पोरी, वाफ न्हाई झाली."

माझीही झाली नव्हती. घाईघाईने पान उलटलं. तिथं पुढचं होतं: बाकीचं पाणी श्वासच खाली ढकलतो, मूत्राशयाकडे. किटलीचं गच्च बसलेलं झाकण उचललं की तोटीतून धार लागते, तसं. म्हणजे अर्धा तास आम्ही झाकण उचलून बसलो होतो.

"आप्पा, गाडी थांबवा."

"आता नेकनूरलाच. पाव्हणे वाट बघतेत."

"मग सीट तुम्ही धुवा."

गाडी थांबली. कडब्याच्या गंजीआड जाऊन आलो, तर आप्पा तयारच होते. "शिकून हेच दिवे लावले का? येताना थेंबभर पाणी न्हाई प्यायचं."

"पान अर्धं वाचलं, ती चूक माझी. पण सकाळपासून तुम्ही दोनदा उतरलात, तुमचं पाणी कुणी तोडलं? आम्ही येतानाही पिणार, आणि म्हणू तिथं गाडी थांबेल."

आप्पांनी गाडी सुरू केली. तात्या खिडकीबाहेर बघायला लागले. मी जिंकल्याच्या तोऱ्यात छाती भरून एक लांब श्वास घेतला.

दोन किलोमीटरवर मलाच म्हणावं लागलं, "आप्पा, थांबवा."

आप्पांनी लगेच ब्रेक दाबला.