भांडायला बेटावर

फांग गनफा कंजूष होता असं म्हणणं त्याच्यावर अन्याय होईल. पाहुण्याला तो पोटभर जेवू घालायचा, शेजाऱ्याला आपली सायकल द्यायचा, दारू पाजताना हात आखडता घ्यायचा नाही. त्याचा जीव अडकलेला होता तो फक्त एका पंधरा वॅटच्या बल्बमध्ये.

शांघायच्या त्या जुन्या कामगार वसाहतीत दर मजल्यावर चार बिऱ्हाडं आणि स्वयंपाकघर एकच. चार शेगड्या, चार नळ, आणि छताला टांगलेले चार बल्ब. प्रत्येक बल्बचं बटण ज्याच्या त्याच्या खोलीत, वायर ज्याच्या त्याच्या मीटरला. दुसऱ्याच्या उजेडात स्वयंपाक करायचा नाही हा नियम कुणी भिंतीवर लिहिला नव्हता, पण पाळायचे सगळे. गनफा सोडून. शेजारच्या लू मावशींचा बल्ब लागला की हा आपला कोबी घेऊन तिथं हजर. "मी काय तुमचा उजेड उचलून नेतोय का मावशी? भिंतीवर पडून वायाच जातोय," असं वर म्हणायचा. त्याच्या आईची शिकवणच तशी होती. तांदूळ अंधारातही धुता येतात, दिवा लावायचा तो मासा तळताना, असं ती सांगायची आणि सुनेकडून तसं करूनही घ्यायची.

सून म्हणजे आयचन. ती कुजबुजत बोलायची. नव्या माणसाला वाटायचं, बाईचा घसा बसलाय. घशाला काही झालं नव्हतं. लग्न झालं त्या रात्री खोलीच्या मधोमध फुलाफुलांचा पडदा होता आणि पडद्यापलीकडे सासू. नवरा-बायकोनं कुजबुजायला सुरुवात केली ती तेव्हापासून. पुढे मुलगी झाली, मोठी झाली, वूशी शहरात नोकरीला लागली, तरी कुजबूज चालूच. पडदा पंचवीस वर्षं टिकला, सासूही तितकीच. गेल्या हिवाळ्यात म्हातारी गेली आणि पडदा उतरवला, तरी आयचनचा आवाज काही चढला नाही. कारण पडदा गेला तरी दारापलीकडे स्वयंपाकघर होतंच, आणि स्वयंपाकघरात लू मावशी होत्या.

वसंतात एकदा पांघरूणं वाळत घालताना ती गनफाच्या कानाशी येऊन म्हणाली, "मला तुझ्याशी भांडायचंय."

"मग भांड की," गनफाही कुजबुजला.

"इथं? इथं मी 'ऊं' केलं तर पलीकडच्या खोलीतले त्साय मास्तर खोकल्याचं औषध घेऊन येतात. मला मोठ्यानं भांडायचंय. पोटातून. मरायच्या आधी एकदा तरी."

"पण कशावरून?"

"ते तिथं गेल्यावर सांगीन."

"तिथं कुठं?"

"लग्नात कुठं नेणार होतास?"

लग्नात गनफानं तिला शंगसीच्या बेटांवर न्यायचं कबूल केलं होतं. दोन दिवस, समुद्र, आणि फक्त दोघं. मग आईला बरं नव्हतं, मग मूल झालं, मग रजा मिळाली नाही, मग ते बेट बोलण्यातूनही गेलं. बायको भांडायचं म्हणतेय म्हणून घाबरावं, की त्यासाठी इतकी वर्षं थांबली म्हणून लाजावं, हे त्याला कळेना. त्यानं दोन्ही केलं, आणि दुसऱ्या दिवसापासून कामाला लागला.

गनफा इनॅमलच्या कारखान्यात पत्रा दाबून घमेली करणाऱ्या यंत्रावर होता. त्याच्या शेजारच्या यंत्रावरच्या माणसाची मामी त्या बेटांपैकी एका लहानशा बेटावर राहायची आणि एक खोली भाड्यानं द्यायची. गनफानं खोलीचं भाडं विचारलं नाही, अंथरूण कसं आहे ते विचारलं नाही. "शेजारी किती लांब?" एवढंच तीनदा विचारलं.

"टेकडीवर एकटंच घर आहे. तू काय पळून चाललायस का?"

"बायकोला घेऊन चाललोय."

"बायकोला घेऊन कोण पळतं?" असं म्हणून त्या माणसानं पत्ता दिला.

बेट मिळालं, खोली मिळाली, राष्ट्रदिनाची सुट्टीही होती. घोडं अडलं होतं ते वेगळ्याच ठिकाणी. मजल्याला पत्ता लागू न देता घराबाहेर पडायचं कसं? त्या वसाहतीत माणूस कचरा टाकायला निघाला तरी "कुठं निघालात?" हा प्रश्न चुकत नाही, आणि उत्तर द्यावंच लागतं. शंगसीला चाललो म्हटलं की प्रत्येक घरातून एकेक बरणी येणार, खारवलेले खेकडे आणा, सुके मासे आणा. ते परवडलं. पण दोन वर्षांपूर्वी त्साय मास्तर हांगचौला निघाले तेव्हा लू मावशी म्हणाल्या होत्या, "एकटे कशाला जाता, कंटाळाल," आणि स्वतःचं तिकीट काढून मोकळ्या झाल्या होत्या. मास्तर आठवडाभर तळ्याकाठी मावशींच्या गुडघेदुखीचं वर्णन ऐकून परत आले.

तेव्हा गनफानं डोकं चालवलं. रोज डब्याच्या पिशवीत एकेक कपडा घालून तो कारखान्यात नेऊ लागला. आज एक सदरा, उद्या मोजे. आयचनचा स्वेटर तर चक्क डब्यात कोंबून गेला आणि त्या दिवशी गनफा उपाशी राहिला. सप्टेंबरअखेर कारखान्यातल्या कपाटात दोघांचं बिऱ्हाड जमलं. ऐन वेळी हातात फक्त भाजीची टोपली घेऊन निघायचं, असा बेत. निघताना, शेवटच्या क्षणी, त्याला आणखी एक युक्ती सुचली. ती इतकी नामी होती की त्यानं ती आयचनलाही सांगितली नाही.

"कुठं निघालात दोघं?" जिन्यात लू मावशींनी विचारलंच.

"भाजी आणायला, मावशी."

"दोघं लागतात भाजीला?"

"कोबी जड असतो," गनफा म्हणाला.

कारखान्यात जाऊन त्यानं बोचकं घेतलं, दोघं धक्क्यावर पोचले, संध्याकाळच्या बोटीत चढले. नदीचं पाणी मागे पडून समुद्र लागला तसा गनफाचा जीव भांड्यात पडला. कठड्याला टेकून, लबाड हसत तो म्हणाला, "आपण गेलोय हे कुणाला कळणारसुद्धा नाही. मी काय केलंय ठाऊक आहे? स्वयंपाकघरातला आपला बल्ब चालू ठेवून आलोय. लोकांना वाटेल, घरातच आहेत."

आयचननं त्याच्याकडे बघितलं. तोंड उघडलं. पण बोटीत दाटीवाटीनं माणसं होती. तिनं तोंड मिटलं.

बेट जसं सांगितलं होतं तसंच निघालं, ही एक आश्चर्याचीच गोष्ट. टेकडीवर एकटं दगडी घर. मामी कमी बोलणारी. तिनं वाफवलेले खेकडे आणि भात पुढ्यात ठेवला आणि जाळं विणायला खाली बंदरावर निघून गेली. दुपारी दोघं टोकाच्या खडकावर जाऊन बसले. मागे गवत, पुढे पाणी. ऐकायला माणूस नव्हतं. गनफा मांडी घालून, हात गुडघ्यांवर ठेवून, शाळेतल्या पोरासारखा ताठ बसला.

"हं," तो म्हणाला, "कर सुरू."

आयचननं खोल श्वास घेतला. सव्वीस वर्षांचं सगळं वर आलं, घशापर्यंत आलं. मग ती त्याच्या कानाजवळ सरकली आणि कुजबुजली, "बल्ब अजून जळत असेल ना रे?"

"असेल."

"भर दुपारी."

"असेल," गनफा म्हणाला, आणि त्याचाही चेहरा पडला.

झालं. पुढचा सगळा वेळ समुद्रापुढे तो बल्ब जळत राहिला. सूर्य मावळला तेव्हा इतरांना तिथं काय सुंदर दिसलं असतं कोण जाणे, या दोघांना पंधरा वॅट दिसत होते. सकाळी आयचननं पुन्हा एकदा खडकावर जाऊन प्रयत्न केला, पण तिच्या तोंडून कुजबुजीपलीकडे काही निघेना. इतक्या लांब येऊन, इतका आटापिटा करून आपल्याला साधं भांडता येत नाही, याचं तिला रडू आलं. रडलीही ती आवाज न करताच. गनफानं तिच्यापुढे रुमाल धरला. मग दोघं परतीच्या बोटीत चढले.

संध्याकाळी ते जिना चढले तेव्हा गनफाच्या हातातल्या टोपलीत खरोखरच एक कोबी होता. धक्क्याजवळ आठवणीनं घेतलेला. गोष्ट शेवटपर्यंत नीट निभवायची, असा त्याचा स्वभाव.

वर बघतात तर त्यांच्या खोलीच्या दाराला नवीकोरी कडी. जुनी तुटून जमिनीवर पडलेली. स्वयंपाकघरात सगळा मजला गोळा झालेला, चारही बल्ब लागलेले. लू मावशींनी त्या दोघांना पाहिलं आणि हातातला झारा खाली ठेवून त्या भोकाड पसरून रडू लागल्या. त्साय मास्तर भिंतीला टेकले.

"कुठं होतात?" रडं आवरून मावशींनी विचारलं.

गनफानं टोपली वर केली. "भाजी आणायला."

"दोन दिवस?"

"रांग होती," गनफा म्हणाला.

"रांग होती म्हणे." मावशींचं रडं संपून राग सुरू झाला होता. "तुझ्या लेकीला वूशीला फोन केलाय, ती तिथून निघालीय. मास्तर तीन इस्पितळं फिरून आले. कालव्यावर माणसं पाठवली. माझ्या मनात तर पहिल्याच रात्री पाल चुकचुकली. मी मास्तरांना म्हटलं, दिवा नसता तर मी म्हणाले असते, गेले असतील कुठं तरी. पण गनफाचा दिवा रात्रभर जळतोय? म्हणजे गनफा काही जिवंत नाही."

"कडी मी तोडली," मास्तर खाली बघत म्हणाले. "आत कुणी नव्हतं. मी बटण बंद करत होतो, तर यांनी करू दिलं नाही."

"का करू देईन? ज्याचा दिवा त्यानं येऊन विझवावा," मावशी म्हणाल्या. "दुसऱ्यानं विझवला म्हणजे तो परत यायचा नाही असंच झालं की."

गनफानं वर आपल्या बल्बकडे पाहिलं. त्याला काहीतरी चांगलं बोलायचं होतं. तोंडून निघालं ते असं: "पण मावशी, दिवसा तरी..."

"गनफा!"

हा आवाज कुणाचा हे क्षणभर कुणालाच कळलं नाही. मावशींनी तर जिन्याकडे वळून पाहिलं. तो आवाज आयचनचा होता, आणि त्या मजल्यावर तो पहिल्यांदाच निघत होता.

"दिवसा तरी? दिवसा तरी काय? दोन दिवस ही माणसं तुझ्यासाठी कालवे धुंडाळतायत, आणि तू युनिट मोजतोयस? मी बाळंतीण होते तेव्हा लेकीचं दुपटं मला अंधारात बदलायला लावलंत तुम्ही मायलेकांनी. माझ्या घशात माशाचा काटा अडकला, तो मी लू मावशींच्या दिव्याखाली जाऊन काढला, आपला लावू दिला नाहीत. आणि आता कुणी नसताना दोन दिवस जाळलास! मी होते तेव्हा नाही लावलास, मी नसताना लावलास!"

"आयचन, अगं हळू..." गनफा कुजबुजला.

"हळू नाही. सव्वीस वर्षं हळूच बोललेय. दिव्याचं जाऊ दे, दिवा गेला खड्ड्यात. तुझी आई रात्री पडद्याआडून मला बोलायची. माझं माहेर काढायची, मुलगीच झाली म्हणून बोलायची. आणि तू माझ्याकडे पाठ करून घोरायचास. तू घोरत नव्हतास, गनफा. मला तुझं खरं घोरणं माहीत आहे. तू जागा होतास. रोज जागा होतास. एकदाही 'आई, पुरे' म्हणाला नाहीस."

शेगडीवर मास्तरांचं सूप उतू गेलं तरी ते तसेच उभे. मग लू मावशींनी आपली कढई उचलली, कुणाकडे न बघता खोलीत गेल्या, दार लावलं, आणि त्यांचा बल्ब विझला. मास्तरांनी शेगडी बंद केली, पातेलं घेतलं, दार लावलं, त्यांचाही विझला. कोपऱ्यातल्या चौथ्या बिऱ्हाडाचाही विझला. त्या मजल्यावर एवढी दारं एकदम बंद झालेली कुणी कधी पाहिली नव्हती.

राहिला गनफाचा बल्ब आणि त्याखाली ती दोघं. सवयीनं गनफाचे पाय खोलीतल्या बटणाकडे वळले.

"राहू दे लागलेला," आयचन म्हणाली. "बस इथं. माझं संपलेलं नाही."

तो कोबी मांडीवर घेऊन स्टुलावर बसला. एवढ्यात मावशींच्या दाराआडून रेडिओ सुरू झाला. ऑपेरातली कुणी बाई गळा काढून गात होती, आणि मावशींनी तो इतका मोठा लावला होता की आपल्याला बाहेरचं अक्षरही ऐकू येत नाही हे साऱ्या मजल्याला कळावं.

गनफाचे ओठ हलले.

"काय म्हणालास? मोठ्यानं बोल."

त्यानं कोबी खाली ठेवला. घसा खाकरला. मान वर करून, यंत्रावर शेजारच्याला हाक मारावी तसा तो ओरडला, "जागा होतो मी!"

दाराआड मावशींनी रेडिओ आणखी वाढवला.