तांब्याभर पाणी

आज खांदा कॉलनीतल्या घरात फरशी पुसताना फिनेलचा वास आला आणि मला पनवेलच्या मासळी बाजारात बसलेली आय दिसली.

आय सकाळी कोळंबीची पाटी घेऊन बसायची, ती दुपार टळेपर्यंत. एकदा एका धर्मादाय ट्रस्टच्या मॅडम बाजारात आल्या. ट्रस्टला बाजारासाठी अनुदान द्यायचं होतं. "काय हवंय तुम्हाला? वजनकाटे? बर्फाच्या पेट्या?"

सगळ्या कोळणी आपसात कुजबुजल्या. मग आयच बोलली, "मॅडम, आमी इथं दिवसभर पानी पीत नाय. जायाचं कुठं? आमाला संडास बांधून द्या."

मॅडमनी वहीत तेच लिहून घेतलं.

संडास बांधून झाला. उद्घाटनाच्या दिवशी नारळ फुटला आणि मासळीच्या वासावर मात करत फिनेलचा वास बाजारभर पसरला. मॅडमनी फीत कापायला कात्री आयच्या हातात दिली. फीत कापून आय पाटीपाशी परतली, समोरच्या हॉटेलातून पाण्याचा तांब्या मागवला आणि घटाघटा रिकामा केला.

शाळेतून येऊन मी शेजारीच उभी होते. मला वाटलं, उन्हाची तहान असेल. आज कळतं, त्या पाटीमागे बसून पाणी पिताना मी तिला त्याआधी कधी पाहिलंच नव्हतं.