बारागाड्यांमागची बस

झुलालला जगात एकच गाडी हाकता येत होती, ती विजेची. दिल्लीत डोक्यावरच्या तारांतून वीज घेत धावणाऱ्या ट्रॉलीबसवर त्याचा हात बसला होता. क्लच, गियर, पेट्रोल यांच्याशी त्याची ओळखच नव्हती. आई आंधळी झाली म्हणून तो जळगावला परतला, आणि कापसाच्या जिनवाल्या मोतीलालशेठने मुंबईहून मोडीतली बॅटरीची बस आणली म्हणून राहिला. बस चालली तर आईजवळ. नाही तर पुन्हा दिल्ली.

बस मात्र निम्मा भार स्वतःच्या बॅटऱ्यांचाच वाही.

"तारेवरची बस शिदोरी बांधून निघत नाही, शेठ," झुलाल सांगे. "भूक लागेल तिथे वरून घेते. चढ आला, माणसं वाढली, तरी दमत नाही."

"मग तारा तू टाक," शेठ म्हणत. "खांब मोजायला मी येतो."

मरीआईच्या यात्रेत बारागाड्या निघाल्या: एकमेकींना जुंपलेल्या बारा बैलगाड्या, नवसाच्या माणसांनी भरलेल्या, आणि ओढणारा एकटा भगत. मागून आपली बस चालव, लोकांना फुकट बसव, असा शेठचा हुकूम सुटला. गावाने त्याचा मान राखला. टपावरही जागा उरली नाही. झुलालची आई पुढच्या बाकावर होती.

देवळाच्या चढाला बस मंदावली, रांगली, थांबली. निम्मी माणसं उतरली असती तरी ती वर गेली असती.

"उतरा हो, समदा उतरा!" झुलालने हात जोडले.

"येडा शे का भाऊ?" टपावरून सुपडू ओरडला. "गाड्यावर बठेल मानूस मधमाच उतरस का? नवस मोडस!"

"ही बस शे, गाडा नही!"

"मंग तेरावा गाडा समज. वढ तू!"

हशा पिकला. देवळाच्या पायरीवर शेठ पाहुण्यांसह उभे होते, एकटे तेच हसले नाहीत.

झुलाल आईकडे वळला. "माय, तू तरी उतर. तुले देखीसन बाकीना उतरतीन."

तिने बाक घट्ट धरला. "नही रे बाप्पा. तू आठेच मन्हाजवळ ऱ्हावो म्हनून नवस करेल शे मी."

शेवटी बैल लावून बस देवळापर्यंत ओढली. कुणाचाही नवस मोडला नाही. बसची किल्ली मागून घेत शेठ झुलालच्या कानाशी दोनच वाक्यं बोलले. आईला ती ऐकू गेली नाहीत.

नारळ वाहून ती वळली. "आते तं ऱ्हाशी ना?"

"हाव, माय," झुलाल म्हणाला आणि तिच्या पायात चप्पल सरकवू लागला.