रडलं तरी उचलू नका

डॉक्टर थकले होते. वय सत्तरीला टेकलेलं, सकाळपासून बत्तीस बाळं तपासून झालेली, त्यातली निम्मी कानाशी किंचाळून गेलेली. तेहतिसाव्या बाळाबरोबर त्याची आई आली, आजीही आली. आजींनी टेबलावर एक जुना, घड्यांवर चिकटपट्टी लावलेला कागद ठेवला.

कागद डॉक्टरांचाच होता. नवा दवाखाना थाटला तेव्हा ते प्रत्येक आईच्या हातात तो ठेवत. दूध दर चार तासांनी, घड्याळ बघूनच. रडलं तरी उचलू नका, डोक्यावर बसेल. तेव्हा त्यांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, आणि खोटं कशाला बोला, त्यांनाही ते भारी आवडायचं.

"हिला जरा समजवा," सुनेकडे बोट करत आजी म्हणाल्या. "जरा कुरकुरलं की घेतलंच कडेवर. तुमचं लिहिलेलं दाखवलं तरी ऐकत नाही."

"दूध तर घड्याळावरच देते ना मी," सून पुटपुटली. तिचा जीव मेटाकुटीला आला होता.

डॉक्टरांनी बाळाला वजनकाट्यावर ठेवलं. महिन्याभरात वजन जेमतेम दोनशे ग्रॅम वाढलं होतं. 'हल्ली पद्धत बदलली आहे,' असं म्हणून वेळ मारून नेता आली असती. गेली कित्येक वर्षं ते तेच करत आले होते. आज मात्र त्यांना त्या वाक्याचाच वीट आला.

"भूक लागेल तेव्हा पाजा. रडलं की उचला," ते सुनेला म्हणाले. मग आजींकडे वळले. "हा कागद चुकीचा आहे. तुम्हाला दिला तेव्हाही चुकीचाच होता."

आजींनी तो कागद उचलून हातात घेतला.

"मी दाराबाहेर बसून रडायचे हो," त्या म्हणाल्या. "आत माझा मुलगा टाहो फोडायचा, इकडे माझा ब्लाउज दुधाने भिजायचा. चांगला पाच वर्षांचा झाला, घाबरून हाका मारायचा, तरी जवळ घेतलं नाही. तुम्ही म्हणाला होतात ना!"

"माझं चुकलं," डॉक्टर म्हणाले. त्यांना मान वर करवेना.

"मला सांगून काय उपयोग? त्याला सांगा. आईला माझी मायाच नव्हती, असं म्हणतो तो."

सुनेने नजर खाली वळवली. तिने ते ऐकलेलं होतं.

डॉक्टरांनी फोन पुढे ओढला आणि मुलाचा नंबर विचारला.