न विचारलेली रजा

माणूस गेला की त्याच्याबद्दल चांगलं बोलावं म्हणतात. आमचे अण्णा, म्हणजे माझे वडील, गेले तेव्हा भेटायला आलेल्यांची भलतीच पंचाईत झाली. बिचारे पावसापाण्याचं बोलून उठले.

धारूरच्या डोंगराखाली आमचा कापूस. आखाड्यावर, शेतातल्या घरात, सालगडी आणि त्याची बायको राहायचे. पाडव्याला साल ठरलं की वर्षभर दोघं अण्णांचे. सकाळी गड्याचा मोबाइल अण्णांच्या खिशात जाई, तो दिवेलागणीला परत मिळे. एकदा गडी न विचारता बाजारला गेला, तर अण्णांनी त्याला कासऱ्यानं लिंबाला बांधून बायकोसमोर मारलं. तक्रार कोण करणार? गावचं राजकारण आमच्याच ओसरीवर शिजायचं.

वेचणीच्या दिवसांत गड्याच्या बायकोच्या भावानं मोटारसायकलवर येऊन निरोप दिला, आई शेवटच्या घटका मोजतेय. मी वेचणीवर लक्ष ठेवायला बांधावर उभी होते, ती ओटीतल्या कापसासकट माझ्याकडं धावत आली.

"ताई, मालकाला इचारा ना. मायचं तोंड बघून लगेच येते. न इचारता गेले तर आमच्या धन्याला मारतेल."

मी नुकतीच पदवीधर झालेले. शिकलेली म्हणून तिला माझा केवढा भरवसा!

मी घरी आले. भाकरी करपली म्हणून अण्णांनी नुकतंच आईच्या अंगावर ताट भिरकावलं होतं. आई खाली बसून कालवण पुसत होती. मी उंबऱ्यातूनच मागं वळले. अण्णांना न विचारताच शेतात परतले आणि तिला म्हणाले, "नाही म्हणाले."

ती रडलीसुद्धा नाही. भाऊ एकटाच गेला, ती पुन्हा वेचायला लागली. दिवस मावळायच्या आत तिची माय गेली.

अण्णांच्या तेराव्यानंतर ती मला भेटायला आली.

"मालकानं मायचं तोंड बघू दिलं न्हाई, ते मी इसरायची न्हाई. पण तुमी माझ्यापायी त्यांच्या म्होरं उभ्या ऱ्हायल्या, त्येबी इसरले न्हाई, ताई."

तिनं माझे दोन्ही हात धरले. कापसाच्या बोंडांनी ओरबाडून तिची बोटं खरखरीत झाली होती.

खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. कोण जाणे, त्या दिवशी अण्णा हो म्हणालेही असते. मला माझीच किळस आली. तरी मेलेल्या बापाच्या माथी माझं पाप तसंच राहू दिलं.